झॅबिक्स सारखं बंद पडतंय? पुन्हा इन्स्टॉल करण्याआधी ते कोणी मारलं हे शोधा

नागपुरात हिंगण्याच्या एमआयडीसीतला कारखाना असो, मानेवाड्याकडचा केबल-इंटरनेटवाला असो की एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजची लॅब, नेटवर्कवर नजर ठेवणारं मशीन बहुतेक ठिकाणी एकाच प्रकारचं असतं. कोणाच्या तरी टेबलावरून निघालेला जुना डेस्कटॉप, त्यावर उबुंटू ही लिनक्स प्रणाली आणि उबुंटूवर झॅबिक्स, म्हणजे स्विच-राउटरसारख्या उपकरणांवर पाळत ठेवणारं सॉफ्टवेअर. ते बंद पडलं की पहिला उपायही ठरलेला असतो: पॅकेज काढा, पुन्हा टाका.

यातून क्वचितच काही साधतं. झॅबिक्सची माहिती साठवणारा डेटाबेस मायएसक्यूएल या वेगळ्या प्रोग्राममध्ये जसाच्या तसा राहतो. डिस्क भरली असेल तर ती भरलेलीच राहते, रॅम कमी असेल तर कमीच राहते. ‘पर्ज’ करून पॅकेज काढलं तर कॉन्फिग (सेटिंगची) फाइल मात्र नक्की जाते. म्हणजे कारण जागेवर राहतं आणि धागेदोरे तेवढे पुसले जातात. म्हणून या लेखात क्रम उलटा ठेवला आहे. इन्स्टॉल अडकण्याची कारणं आधी झटपट पाहू आणि मग चालू झालेलं सर्व्हर मरतं कशाने, यावर सावकाश बोलू.

उदाहरणं झॅबिक्स ७.० ची आहेत. दीर्घ मुदतीच्या आधाराची ही आवृत्ती जून २०२४ मध्ये आली. सोबत उबुंटू २२.०४ किंवा २४.०४ आणि मायएसक्यूएल ८.० गृहीत धरलं आहे. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी अक्षरांत, लहान लिपीत टाका. अपवाद तीन: ‘एसईटीएसईबूल’चा ‘-पी’ आणि ‘झॅबिक्स_सर्व्हर’चा ‘-आर’ मोठ्या लिपीत, आणि ‘एनरीस्टार्ट्स’मधली एन व आर ही अक्षरं मोठी. कॉन्फिगमधली नावं मात्र त्या फाइलमध्ये जशी लहान-मोठी अक्षरं आहेत तशीच हवीत.

इन्स्टॉल सुरू करण्याआधी: घड्याळ, आवृत्ती, जागा

जुन्या मशीनवर आधी घड्याळ बघा. मदरबोर्डवरचा सीआर-२०३२ सेल संपलेला असला की वीज जाऊन आल्यावर तारीख काही वर्षं मागे जाते. मग ‘एपीटी अपडेट’ (पॅकेजची यादी ताजी करणारी कमांड) तक्रार करतं की रिलीज फाइल अजून वैध झालेली नाही, किंवा एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट नाकारतं. लोक इंटरनेट तपासतात, डीएनएस बदलतात, रिपॉझिटरी (पॅकेजचं भांडार) बदलतात. दोष असतो त्या सेलमध्ये, आणि तो बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो.

टाइमडेटसीटीएल

ही कमांड चालवून तारीख आणि टाइमझोन ‘एशिया/कोलकाता’ आहे का ते पाहा. ‘सिस्टम क्लॉक सिंक्रोनाइज्ड’ समोर ‘येस’ हवं. ‘नो’ असेल तर फायरवॉलमधून यूडीपी १२३ पोर्ट बाहेर जातो का ते तपासा. कारखान्यांच्या फायरवॉलवर हा पोर्ट बरेचदा बंद असतो. घड्याळाचं दुखणं इथेच मिटवा. पुढे ते रिकाम्या ग्राफच्या रूपात परत येतं, आणि तेव्हा त्याचा संशय कोणालाच येत नाही.

दुसरी गोष्ट आवृत्तीची. झॅबिक्सचं रिलीज पॅकेज उबुंटूच्या प्रत्येक आवृत्तीसाठी वेगळं असतं. ‘एलएसबी_रिलीज -सीएस’ चालवलं की २२.०४ वर ‘जॅमी’ आणि २४.०४ वर ‘नोबल’ असं उत्तर येतं. जॅमीचं पॅकेज नोबलवर टाकलं तर ‘लिबएलडॅप’सारख्या लायब्ररीवर अवलंबित्व पूर्ण होत नाही म्हणून गाडी अडते. या लायब्ररीच्या पॅकेजचं नावच दोन आवृत्त्यांत वेगळं आहे. ती कुठून तरी शोधून हाताने बसवू नका. चुकीचं रिलीज पॅकेज काढा आणि बरोबर ते टाका. उबुंटू २०.०४ वर ७.० चा वेब भाग (ब्राउझरमध्ये दिसणारा) बसवायचा हट्ट तर सोडूनच द्या. तो पीएचपी या भाषेत आहे, त्याला पीएचपी ८.० किंवा पुढचं लागतं आणि २०.०४ सोबत ७.४ येतं.

उबुंटूच्या स्वतःच्या भांडारातही झॅबिक्स असतं, पण वेगळ्या आवृत्तीचं. कोणतं बसणार आहे हे आधीच कळतं:

एपीटी-कॅश पॉलिसी झॅबिक्स-सर्व्हर-मायएसक्यूएल

‘कँडिडेट’ या ओळीसमोर ७.० दिसायला हवं आणि खाली स्रोत म्हणून झॅबिक्सची रिपॉझिटरी. सर्व्हर एका भांडारातून आणि वेब भाग दुसऱ्यातून आला की पुढे डेटाबेसची आवृत्ती जुळत नाही. रॉकी किंवा अल्मा लिनक्स वापरत असाल तर हाच गोंधळ ईपीईएल या जादा पॅकेजच्या भांडारामुळे होतो. तिथे ईपीईएलच्या फाइलमध्ये ‘एक्सक्लूडपीकेजीएस=झॅबिक्स*’ ही ओळ घाला. त्याच वेळी एसईलिनक्स (तिथला सुरक्षेचा पहारा) बंद करायचा मोह आवरा. ‘एसईटीएसईबूल -पी एचटीटीपीडी_कॅन_कनेक्ट_झॅबिक्स ऑन’ एवढ्याने वेब भागाची अडचण बहुधा सुटते.

‘डीपीकेजी लॉक’ धरलेलं दिसलं तर मागे उबुंटूचं आपोआप अपडेट चालू आहे. दहा मिनिटं थांबा. लॉकची फाइल पुसण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. तो मानला तर अर्धवट बसलेली पॅकेजं निस्तरण्यात संध्याकाळ जाते.

तिसरी गोष्ट जागा. उबुंटू सर्व्हरचा इन्स्टॉलर एलव्हीएम (डिस्कची जागा विभागांत वाटणारी सोय) वापरतो आणि २०० जीबीहून मोठी डिस्क असेल तर मूळ विभागाला फक्त १०० जीबी देतो. उरलेली जागा पडून राहते. ५०० जीबीची एसएसडी घालूनही ‘डीएफ -एच’ शंभरच दाखवत असेल तर कारण हे आहे. एका ओळीत ती जागा मिळते:

एलव्हीएक्सटेंड -आर -एल +१००%फ्री /डेव्ह/उबुंटू-व्हीजी/उबुंटू-एलव्ही

‘-आर’ विसरू नका, त्याने फाइल सिस्टमही सोबतच वाढते. चालू मशीनवर हे करता येतं, रीबूट लागत नाही.

डेटाबेस भरताना

डेटाबेस तयार करताना कॅरेक्टर सेट ‘यूटीएफ८एमबी४’ आणि कोलेशन (अक्षरांच्या तुलनेचा नियम) ‘यूटीएफ८एमबी४_बिन’ हवं. नुसतं ‘क्रिएट डेटाबेस झॅबिक्स’ म्हटलं तर कोलेशन वेगळं बसतं आणि वेब भाग नंतर तक्रार करत राहतो.

स्कीमा, म्हणजे झॅबिक्सच्या टेबलांची रचना आणि सुरुवातीची माहिती, भरताना त्रुटी १४१९ आली तर मायएसक्यूएल सांगतंय की बायनरी लॉग (डेटाबेसमधल्या बदलांची नोंद) चालू आहे आणि तुमच्या युजरला ट्रिगर बनवायची मुभा नाही. रूट म्हणून आत जाऊन ‘लॉग_बिन_ट्रस्ट_फंक्शन_क्रिएटर्स’ एक करा, स्कीमा भरा, मग परत शून्य करा.

जुन्या हार्डडिस्कवर स्कीमा भरायला बराच वेळ लागतो आणि पडद्यावर काहीच हलत नाही. अडकलं असं वाटून लोक कंट्रोल-सी दाबतात आणि तीच कमांड पुन्हा देतात. मग त्रुटी १०५० येते: ‘रोल’ नावाचा टेबल आधीच आहे. आता अर्धवट भरलेल्या डेटाबेसवर काही लेपायला जाऊ नका. डेटाबेस पूर्ण ड्रॉप करा, योग्य कोलेशनने नव्याने बनवा आणि मग भरा. दुसऱ्या टर्मिनलवर ‘शो प्रोसेसलिस्ट’ पाहिलं की काम चालू आहे की नाही ते कळतं.

सर्व्हरचा लॉग /व्हार/लॉग/झॅबिक्स/ या फोल्डरमध्ये असतो. ‘युजर्स’ टेबल रिकामा आहे, हा प्रॉक्सीचा डेटाबेस आहे का, असा प्रश्न तिथे दिसला तर स्कीमाचे टेबल बनले पण त्यातली माहिती भरली गेली नाही. उपाय तोच. १०४५ दिसलं तर पासवर्ड चुकला. तो दोन ठिकाणी लिहिलेला असतो: सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये ‘डीबीपासवर्ड’ समोर आणि वेबसाठी /ईटीसी/झॅबिक्स/वेब/ मधल्या पीएचपी फाइलमध्ये. पहिल्या ठिकाणी अवतरणचिन्हं घालायची नसतात, घातली तर तीही पासवर्डचा भाग धरली जातात. दुसरी फाइल पीएचपीची असल्याने पासवर्डमधलं एकेरी अवतरणचिन्ह तिला मोडतं. सरळ अक्षरं आणि आकड्यांचा वीस-पंचवीस खुणांचा पासवर्ड ठेवला की दोन्ही कटकटी टळतात.

वेबवर ‘झॅबिक्स सर्व्हर इज नॉट रनिंग’ अशी पट्टी दिसणं म्हणजे सर्व्हर बंद आहे असंच नाही. वेब भाग त्याच्यापर्यंत पोचत नाही, एवढाच त्याचा अर्थ. ‘एसएस -एलटीएनपी’ मध्ये पोर्ट १००५१ ऐकताना दिसतोय का ते पाहा. दिसत असेल तर पीएचपी फाइलमधल्या ‘लोकलहोस्ट’च्या जागी १२७.०.०.१ लिहून बघा. ‘लोकलहोस्ट’चा अर्थ कधी आयपीव्ही६ चा पत्ता असा घेतला जातो आणि सर्व्हर तिथे ऐकत नसतो.

मेलं, पण कोणी मारलं?

पॅकेजसोबत येणारी सिस्टमडीची (उबुंटूवरच्या सेवा चालू-बंद करणाऱ्या प्रोग्रामची) फाइल सर्व्हर पडलं की दहा सेकंदांनी ते आपोआप उठवते. सोय चांगली आहे, पण त्यामुळे सर्व्हर दिवसभर मरत-उठत असलं तरी ‘अॅक्टिव्ह’ दिसतं. ग्राफमध्ये बारीक भोकं पडतात आणि लोक स्विचला दोष देतात. खरा आकडा इथे मिळतो:

सिस्टमसीटीएल शो झॅबिक्स-सर्व्हर -पी एनरीस्टार्ट्स

शून्याहून मोठा आकडा आला तर पुढचे तीन प्रश्न याच क्रमाने विचारा.

पहिला प्रश्न सिस्टमडीला: ‘सिस्टमसीटीएल स्टेटस झॅबिक्स-सर्व्हर’. ‘रिझल्ट’ मध्ये ‘ओओएम-किल’ असेल तर रॅम संपली. सिग्नल ११ असेल तर प्रोग्राम स्वतः कोसळला. ‘एक्झिट-कोड’ १ असेल तर सर्व्हरने स्वतःहून काम थांबवलं आणि कारण त्याच्याच लॉगमध्ये लिहून ठेवलं आहे.

दुसरा प्रश्न सर्व्हरच्या लॉगला. तिथे ‘वन चाइल्ड प्रोसेस डाइड’ ही ओळ शोधा. बहुतेक जण हीच ओळ कॉपी करून मदत मागतात, पण तिचा एकटीचा काही उपयोग नाही. ती फक्त मृत्यूची नोंद आहे. कारण तिच्या वरच्या वीस-तीस ओळींत असतं.

तिसरा प्रश्न कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला: ‘जर्नलसीटीएल -के’. मशीनच रीबूट झालं असेल तर ‘-बी -१’ जोडा, म्हणजे मागच्या वेळचा लॉग दिसतो.

उत्तरं सहसा खालीलपैकी एका वाटेने जातात.

कॅश भरली: इंटरनेटवाल्यांचा नेहमीचा घोळ

लॉगमध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ आणि त्याखाली ‘कॅशसाइझ वाढवा’ अशी सूचना दिसते. मशीनमध्ये रॅम भरपूर मोकळी असते, त्यामुळे गोंधळ होतो. ही मेमरी मशीनची नव्हे, झॅबिक्सने सुरुवातीलाच बाजूला काढलेली. सगळे होस्ट (पाळतीखालची उपकरणं), आयटम (त्यांवरची मोजमापं), ट्रिगर (इशाऱ्याच्या अटी) त्यात बसतात. डिफॉल्ट मर्यादा ३२ एमबी आहे. ती संपली की सर्व्हर बंद होतं, दहा सेकंदांनी उठतं, तेच सगळं पुन्हा वाचतं आणि पुन्हा बंद होतं.

कॉन्फिगमध्ये ‘कॅशसाइझ=२५६एम’ लिहून सर्व्हर रीस्टार्ट करा. नुसतं कॉन्फिग रीलोड पुरत नाही, ही मेमरी सुरू होतानाच घेतली जाते. एवढं केलं की सर्व्हर उभं राहतं आणि नव्वद टक्के लोक इथेच थांबतात. महिन्याभरात २५६ एमबीही भरते. कारण आयटम वाढतायत, आणि का वाढतायत ते कोणी पाहिलेलं नाही.

एसएनएमपीने (उपकरणांकडून माहिती विचारण्याच्या पद्धतीने) इंटरफेस शोधणारं टेम्प्लेट, म्हणजे आयटमचा तयार साचा, प्रत्येक पोर्टसाठी नऊ आयटम बनवतं: आत-बाहेर जाणारे बिट, दोन्ही दिशांच्या एरर, दोन्ही दिशांची टाकून दिलेली पॅकेट, वेग, प्रकार आणि स्थिती. ४८ पोर्टच्या स्विचला ४३२ आयटम झाले, इथवर ठीक. पण मायक्रोटिक राउटरवर पीपीपीओईने (युजरनेम-पासवर्डच्या जोडणीने) जोडलेला प्रत्येक ग्राहक हा स्वतंत्र इंटरफेस असतो. १,५०० ग्राहक ऑनलाइन असले की एका राउटरमागे १३,५०० आयटम. ग्राहकाचा वायफाय राउटर बंद झाला की इंटरफेस नाहीसा होतो, आयटम मात्र टेम्प्लेटमध्ये ठरलेली मुदत संपेपर्यंत पडून राहतो. ओएलटीवरही (फायबरच्या मुख्य यंत्रावरही) प्रत्येक ओएनयू, म्हणजे ग्राहकाकडची फायबरची पेटी, असाच इंटरफेस म्हणून दिसू शकतो.

म्हणून कॅश वाढवून सर्व्हर उभं राहिल्यावर लगेच हे करा:

१. त्या राउटरच्या होस्टवर मॅक्रोच्या (नाव दिलेल्या सेटिंगच्या) टॅबमध्ये जा. टेम्प्लेटकडून आलेले मॅक्रोही दिसतील असा पर्याय निवडा.
२. ‘नेट.आयएफ.आयएफनेम.नॉट_मॅचेस’ हा मॅक्रो शोधा. त्यातली आधीची किंमत ठेवून शेवटच्या कंसाच्या आत उभी रेघ घाला आणि पुढे ‘पीपीपीओई’ जोडा. लहान लिपीत, कारण ही जुळणी लहान-मोठं अक्षर पाहते. बदल होस्टवरच करा. टेम्प्लेटमध्ये केला तर टेम्प्लेटची पुढची आवृत्ती आयात करताना तो पुसला जातो.
३. डिस्कव्हरी नियमात (इंटरफेस आपोआप शोधणाऱ्या) हरवलेले आयटम किती काळ ठेवायचे ती मुदत एका दिवसावर आणा.
४. डिस्कव्हरी लगेच चालवा. गाळले गेलेले आयटम दुसऱ्या दिवशी निघून जातील.

ग्राहकनिहाय वापर हवा असेल तर तो रेडियस सर्व्हरच्या (ग्राहकांचं लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरच्या) हिशेबातून घ्यावा. झॅबिक्सला ते काम देणं आमच्या मते चूकच आहे.

‘व्हॅल्यूकॅशसाइझ’ अपुरा पडला तर सर्व्हर मरत नाही, फक्त हळू होतं आणि लॉगमध्ये सांगतं. ‘हिस्टरी कॅश इज फुल’ हा संदेश मात्र कॅशबद्दल वाटला तरी जवळपास नेहमी डेटाबेसच्या संथपणाबद्दल असतो. तिथे कॅश वाढवली तर दुखणं तासभर पुढे जातं, एवढंच.

रॅम संपली

कर्नलच्या लॉगमध्ये ‘किल्ड प्रोसेस’ शोधा. कंसात बहुतेक वेळा झॅबिक्स नसून ‘मायएसक्यूएलडी’ असतं, कारण मशीनवर सगळ्यात जास्त मेमरी तोच खातो. झॅबिक्सच्या लॉगमध्ये मग ‘डेटाबेस इज डाउन’ ही ओळ पुन्हा पुन्हा येत राहते. हे पाहून झॅबिक्सच्या कॉन्फिगमध्ये हात घालू नका, त्याचा यात काही दोष नाही.

४ जीबीच्या मशीनवर मायएसक्यूएलचा ‘इनोडीबी_बफर_पूल_साइझ’ दीड जीबीच्या वर नेऊ नका. रॅमच्या सत्तर-ऐंशी टक्के द्या हा सल्ला फक्त डेटाबेससाठी राखलेल्या मशीनचा आहे. इथे अपाचे, पीएचपी आणि झॅबिक्स त्याच ताटात जेवतात. अपाचेच्या प्रीफोर्क सेटिंगमध्ये ‘मॅक्सरिक्वेस्टवर्कर्स’ १५० असतं, ते २० करा. डॅशबोर्ड पाहणारी माणसं चार-पाचच असतात. पण पीएचपीची मर्यादा प्रति प्रोसेस १२८ एमबी आहे आणि कोणीतरी भिंतीवरच्या टीव्हीवर जड डॅशबोर्ड लावून ठेवलेला असतो. २ जीबी स्वॅप द्या. हे सगळं करूनही रॅम संपत असेल तर आणखी ४ जीबीची पट्टी घाला. तिथे सेटिंगशी झटापट करत बसण्यात अर्थ नाही.

डिस्क भरली

किती जागा लागेल याचा हिशेब आधी मांडता येतो. आकडी स्वरूपाचं एक मोजमाप साधारण ९० बाइट घेतं. २०० स्विच, प्रत्येकी ६० आयटम, म्हणजे १२,००० आयटम. दर मिनिटाला मोजले तर सेकंदाला २०० मोजमापं, दिवसाला १ कोटी ७२ लाख ८० हजार. जागा दिवसाला सुमारे दीड जीबी आणि ३० दिवसांना ४७ जीबीच्या आसपास. तेच पाच मिनिटांनी मोजले तर महिन्याला साडेनऊ जीबीही लागत नाही. ट्रेंडचे, म्हणजे सारांशाचे, ताशी आकडे वर्षभर ठेवले तर आणखी साडेनऊ जीबी. पोर्टची गती दर मिनिटाला हवी असेल तर घ्या. इंटरफेसचा प्रकार दर मिनिटाला विचारण्यात काही हशील नाही.

हिशेबापेक्षा कितीतरी जास्त जागा गेली असेल तर /व्हार/लिब/मायएसक्यूएल मध्ये ‘बिनलॉग’ने सुरू होणाऱ्या फाइली मोजा. मायएसक्यूएल ८.० मध्ये बायनरी लॉग आपोआप चालू असतो आणि ३० दिवस राहतो. झॅबिक्स सतत लिहीत असल्याने तो डेटाबेसपेक्षाही मोठा होऊ शकतो. या फाइली ‘आरएम’ने उडवू नका, मायएसक्यूएलची यादी आणि डिस्कवरच्या फाइली यांचा मेळ बिघडतो. आत जाऊन ‘पर्ज बायनरी लॉग्स बिफोर’ ही कमांड तारखेसह द्या. एकच सर्व्हर आहे, दुसरी प्रतिकृती नाही आणि बॅकअपही त्या लॉगवर अवलंबून नाही, असं असेल तर कॉन्फिगमध्ये ‘स्किप-लॉग-बिन’ लिहून तो बंदच करा.

आणखी एक चकवा. हाउसकीपरने (झॅबिक्सच्या साफसफाई करणाऱ्या प्रोसेसने) जुना डेटा पुसला तरी ‘डीएफ’मधला आकडा कमी होत नाही. इनोडीबी (मायएसक्यूएलचा साठवणीचा भाग) ती जागा स्वतःकडे ठेवतं आणि नव्या नोंदींसाठी वापरतं. परत हवीच असेल तर ‘ऑप्टिमाइझ टेबल’ करावं लागतं, पण त्यासाठी टेबलाएवढी मोकळी जागा आधी लागते. डिस्क १०० टक्के भरेपर्यंत थांबलात तर ही वाट बंद होते.

सिग्नल ११, आणि नागपूरचा मे

सिग्नल ११ ने सर्व्हर कोसळलं की लॉगमध्ये ‘बॅकट्रेस’ छापला जातो, फंक्शनच्या नावांची उतरंड. दोन-तीन वेळचे बॅकट्रेस शेजारी ठेवून पाहा.

प्रत्येक वेळी तेच फंक्शन असेल तर दोष सॉफ्टवेअरचा. आधी ७.० मधलीच ताजी दुरुस्ती-आवृत्ती घ्या. नाव ओडीबीसीचं (बाहेरच्या डेटाबेसशी जोडणीचं) असेल तर ड्रायव्हर तपासा. एसएनएमपीचं असेल तर नेट-एसएनएमपी लायब्ररी अपडेट करा. ‘लोडमॉड्यूल’ने बाहेरचं काही जोडलं असेल तर ते काढून बघा. जास्त तपशील हवा असेल तर पूर्ण सर्व्हरचा लॉग न वाढवता फक्त त्या प्रोसेसचा वाढवता येतो, उदाहरणार्थ मोजमापं आणणाऱ्या पोलरचा: ‘झॅबिक्स_सर्व्हर -आर लॉग_लेव्हल_इन्क्रीज=पोलर’. काम झालं की ‘डिक्रीज’ करायला विसरू नका, नाहीतर लॉगनेच डिस्क भरेल.

दर वेळी वेगळं फंक्शन असेल आणि झॅबिक्सशिवाय पीएचपी, मायएसक्यूएल किंवा साधं ‘एपीटी’ही अधूनमधून सिग्नल ११ ने पडत असेल तर सॉफ्टवेअर सोडा. रॅमची पट्टी, पॉवर सप्लाय आणि उष्णता तपासा. रात्रभर मेमटेस्ट चालवा, एकही एरर आली तर पट्टी बदला.

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. बंद कपाटात, स्विचच्या डोक्यावर ठेवलेल्या डेस्कटॉपचं नवतपात काय होतं ते ‘सेन्सर्स’ कमांड सांगते. कर्नलच्या लॉगमध्ये ‘सीपीयू क्लॉक थ्रॉटल्ड’ दिसायला लागलं की प्रोसेसर स्वतःला वाचवायला हळू झाला आहे. मग पोलर मागे पडतात, हिस्टरी कॅश भरते आणि दुपारी बारा ते पाच या वेळेतच तक्रारी येतात. दुखणं ठराविक तासांतच येत असेल तर ग्राफ आणि तापमान एकत्र पाहा. हीटसिंकवरची धूळ काढा, थर्मल पेस्ट नवी लावा, कपाटाचं मागचं दार उघडा. पाण्याचा कूलर मात्र त्या खोलीत फिरवू नका. ओली हवा आणि धूळ मिळून बोर्डावर जो थर बसतो तो उन्हापेक्षा वाईट. उन्हाळ्यातल्या अशा बिघाडांसाठी लोकांनी पावसाळ्यात उबुंटू बदलून ‘बरं केलं’ असं सांगितलं तर मनावर घेऊ नका. पाऊस पडला, म्हणून बरं झालं.

वीज गेल्यावर

‘लास्ट -एक्स’ मध्ये ‘शटडाउन’ची नोंद नसताना ‘रीबूट’ दिसत असेल तर मशीन नीट बंद झालंच नव्हतं. नंतर मायएसक्यूएल सुरू होत नसेल तर त्याचा एरर लॉग वाचा. इनोडीबी स्वतःची दुरुस्ती करत असेल तर त्याला वेळ द्या, मध्येच मारू नका. तरीही उठत नसेल तर /व्हार/लिब/मायएसक्यूएल ची पूर्ण प्रत आधी दुसऱ्या डिस्कवर घ्या. मग ‘इनोडीबी_फोर्स_रिकव्हरी=१’ लावून सुरू करा, नाही झालं तर २, मग ३. ज्या आकड्यावर उठेल तिथे डंप (डेटाबेसची फाइलमधली प्रत) घ्या आणि नव्या डेटाबेसमध्ये भरा. ४ आणि पुढचे आकडे डेटा कायमचा बिघडवू शकतात. प्रत हातात नसेल तर तिकडे वळूच नका.

झॅबिक्स वेगवान व्हावं म्हणून ‘इनोडीबी_फ्लश_लॉग_अॅट_टीआरएक्स_कमिट’ २ करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. मशीन अचानक बंद पडलं तर शेवटच्या सेकंदाभराच्या नोंदी जाऊ शकतात, एवढी त्याची किंमत. यूपीएस असेल तर जरूर करा, नसेल तर १ च राहू द्या.

आणि यूपीएस आहे म्हणजे त्याची बॅटरी आहे, असं धरू नका. लेड-अॅसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या वर दर १० अंशांना साधारण निम्मं होतं. न थंड केलेल्या खोलीतली बॅटरी कागदावरच्या मुदतीआधीच जाते. यूएसबी केबलने यूपीएस जोडून ‘एनयूटी’ हा यूपीएसवर लक्ष ठेवणारा प्रोग्राम बसवा. ‘यूपीएससी’ कमांडने चार्ज दिसतो, आणि बॅटरी उतरत आली की तो मशीन नीट बंदही करतो. दर तीन महिन्यांनी प्लग काढून प्रत्यक्ष चाचणी घ्या.

पाळत ठेवणाऱ्यावर पाळत

‘झॅबिक्स सर्व्हर हेल्थ’ हे टेम्प्लेट सर्व्हरच्या स्वतःच्या होस्टला जोडलेलं आहे ना, ते पाहा. कॉन्फिगरेशन कॅश ७५ टक्क्यांवर गेली की ते सांगतं, म्हणजे मरण्याआधी काही दिवस हातात मिळतात. पण सर्व्हरच मेलं तर त्याच्या मृत्यूची खबर ते देऊ शकत नाही. त्यासाठी दुसऱ्या जागी, वेगळ्या वीजजोडणीवरचं एखादं छोटं मशीन हवं, ज्यावर क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय) दर पाच मिनिटांनी १००५१ पोर्ट उघडा आहे का ते पाहील आणि नसेल तर मेसेज पाठवेल. त्यात झॅबिक्स घालू नका, दहा ओळींची शेल स्क्रिप्ट पुरते.

बॅकअपचं म्हणाल तर पूर्ण डेटाबेसचा डंप रोज घेणं जड जातं म्हणून कोणी घेतच नाही. ‘मायएसक्यूएलडंप’ला ‘सिंगल-ट्रान्झॅक्शन’ द्या आणि ‘इग्नोअर-टेबल’ने ‘हिस्टरी’ व ‘ट्रेंड्स’ने सुरू होणारे सगळे टेबल वगळा. त्यांची नुसती रचना ‘नो-डेटा’ लावून वेगळी घ्या, नाहीतर परत उभारताना ते टेबलच नसतील. होस्ट, टेम्प्लेट, ट्रिगर, युजर असं सगळं कष्टाने उभं केलेलं त्यात येतं आणि फाइल लहान राहते. सोबत /ईटीसी/झॅबिक्स फोल्डर घ्या आणि दोन्ही रोज रात्री दुसऱ्या मशीनवर पाठवा. जुने ग्राफ गेले तरी काम अडत नाही. दोनशे स्विच पुन्हा हाताने जोडावे लागले तर आठवडा जातो.

दुरुस्ती-आवृत्तीचं अपडेट करायचं तर हा डंप घेतल्यावर, आणि शनिवारी संध्याकाळी सगळे निघताना नव्हे. ६.० वरून ७.० वर गेल्यावर सर्व्हर पहिल्या सुरुवातीलाच डेटाबेसची रचना बदलतं. लॉगमध्ये टक्केवारी पुढे सरकताना दिसते, ती १०० होईपर्यंत सर्व्हर थांबवू नका. एकदा रचना बदलली की मागे फिरायला तो डंप सोडून दुसरी वाट नाही.